शुश्रूषा म्हणजे पहारा नव्हे



स्मरणिकेसाठी समाजाच्या उपयोगी पडेल असा एखादा अभ्यासलेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. आम्ही बँकेतील लिपिक, शिक्षणाने कला शाखेचे पदवीधर. डॉक्टर नव्हे की परिचारिकाही नव्हे. तरीही तीव्र मनोविकाराने ग्रासलेल्या माणसाची शुश्रूषा हा विषय आम्ही मुद्दाम निवडला, कारण गेली बारा-तेरा वर्षे तो आमच्या घरातच आहे. या काळात एका परिचारिकेकडून जे शिकायला मिळाले आणि पुढे वाचनातून ज्याचा उलगडा झाला, ते येथे क्रमाने मांडत आहोत. औषध कोणते व किती, हा डॉक्टरांचा प्रांत; त्यात आम्ही शिरणार नाही. एक गोळी घेतल्यापासून दुसरी घेईपर्यंत जो सारा दिवस उरतो, त्या दिवसाविषयी हा लेख आहे.

आजाराची ओळख

ज्याला डॉक्टर 'सायकोसिस' म्हणतात, त्यात माणसाचे वास्तवाशी असलेले नाते काही काळ सुटते. त्याची तीन मुख्य लक्षणे आहेत. पहिले लक्षण भास. कोणी बोलत नसताना आवाज ऐकू येतात; क्वचित काही दिसते किंवा वास येतो. दुसरे लक्षण भ्रम, म्हणजे पुरावा नसतानाही न ढळणारी खोटी खात्री. 'माझ्यावर पाळत आहे', 'अन्नात विष आहे', 'टीव्हीवरची बातमी माझ्याविषयीच आहे', अशा स्वरूपाची ही खात्री असते. तिसरे लक्षण विचारांचे तुटलेले धागे. त्यामुळे बोलणे विस्कळीत होते आणि वागणे इतरांना कळेनासे होते. तीव्र अवस्था ओसरल्यावर बऱ्याच जणांमध्ये एक मंदपणा राहतो. बोलावेसे वाटत नाही, अंघोळ नको वाटते, कशातच रस राहत नाही. घरचे याला आळस म्हणतात. तो आळस नसतो, आजाराचाच भाग असतो.

स्किझोफ्रेनिया हा या गटातील सर्वांत परिचित आजार. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला तो असतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बहुधा तो ऐन तारुण्यात सुरू होतो. आपल्या वस्तीत, चाळीत किती बिऱ्हाडे आहेत ते मोजा, म्हणजे हा आजार आपल्यापासून फार लांब नाही हे ध्यानात येईल. आनुवंशिकता, मेंदूतील रासायनिक क्रियांतील बदल, आयुष्यातील मोठे ताण, गांजासारखी व्यसने अशा अनेक गोष्टी त्याला कारण होतात. आईच्या लाडामुळे, कोणाच्या नजरेने किंवा मागल्या पापाने तो होत नाही.

आमच्या घरची हकिकत

हे सारे आम्हाला तेव्हा माहीत नव्हते. लालबागच्या चाळीत आमची खोली दहा बाय बाराची, आणि शेजारच्या खोलीत आमची आत्या व तिचा मुलगा. आत्याचे यजमान गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली आणि पुढे मिळेल ते काम करीत त्यांनी संसार ओढला. मुलगा बी.कॉम. होईल, नोकरीला लागेल, या आशेवर ते घर उभे होते. (आतेभावाने हा लेख वाचून संमती दिली आहे. नाव मात्र देत नाही.)

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर तो रात्र रात्र जागू लागला. गॅलरीत कोणी खोकले तरी ती आपल्यासाठीच खूण आहे, असे म्हणू लागला. त्याने खिडकीला वर्तमानपत्रे चिकटवली. आम्ही आधी समजावले, मग रागावलो. शेजारीपाजारी 'बाहेरचं काही असेल' म्हणाले आणि आत्या गंडेदोरे करीत फिरली. विहारात अंधश्रद्धेवरची व्याख्याने ऐकणारे आम्ही, तेव्हा मात्र गप्प बसलो. त्यात आठ महिने गेले. एका रात्री तो अनवाणी जिना उतरून भर रस्त्यात धावत सुटला, तेव्हा कुठे परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात त्याला दाखल केले.

तीन आठवड्यांनी तो घरी आला. पंधरा दिवसांनी त्याने गोळ्या नाकारल्या. तेव्हा आत्याने आणि आम्ही मिळून एक युक्ती केली. गोळी कुटून ती चहात घालू लागलो. एके दिवशी कपाच्या तळाशी त्याला पांढरा साका दिसला. तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून दोन महिने त्याने आईच्या हातचा घास घेतला नाही. बिस्किटांचा बंद पुडा आणि नळाचे पाणी यांवर तो राहिला. 'माझ्या अन्नात काहीतरी घालतात' हा त्याचा भ्रम होता. तो आम्ही आमच्याच हातांनी खरा करून दाखवला होता.

रुग्णालयात जाऊन आम्ही ही कैफियत मांडली. बाह्यरुग्ण विभागातील एक वयस्कर सिस्टर शांतपणे ऐकत होत्या. त्या आत्याला म्हणाल्या, "मावशी, औषध पोटात गेलं, पण तुम्ही त्याच्या मनातून उतरलात. आधी त्याची माफी मागा. गोळीचं मग बघू."

आईने मुलाची माफी मागायची! आत्याला ते जड गेले. पण तिने मागितली. आमच्या आतेभावाचे सावरणे तिथून सुरू झाले, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

बरे होणे आणि सावरणे

आपण आजाऱ्याबद्दल 'बरा झाला का?' असे विचारतो. ताप उतरला, जखम भरली की माणूस बरा झाला. मनोविकारात हा प्रश्न अपुरा पडतो. काहींचे भास पूर्ण थांबतात, काहींचे कमी होतात, काहींना ते अधूनमधून येत राहतात. मग ज्याचे भास पूर्ण थांबले नाहीत, त्याचे आयुष्य संपले काय? अमेरिकेतील पुनर्वसन तज्ज्ञ विल्यम अँथनी यांनी १९९३ मध्ये याचे उत्तर मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, आजाराने घातलेल्या मर्यादा असतानाही समाधानाने, आशेने आणि इतरांच्या उपयोगी पडत जगता येणे, हेच खरे सावरणे होय. मराठीत आपल्याकडे 'सावरणे' हा शब्द आहेच. तोल गेलेला माणूस स्वतः सावरतो; दुसऱ्याने फक्त हात द्यायचा असतो.

ही केवळ गोड समजूत नव्हे. अमेरिकेतील व्हर्मांट राज्याच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे पडून असलेल्या, ज्यांची आशा सोडली होती अशा २६९ रुग्णांना १९५० च्या दशकात पुनर्वसनाचा कार्यक्रम देऊन बाहेर आणण्यात आले. सुमारे तीन दशकांनंतर कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा शोध घेतला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, त्यांपैकी निम्म्यापासून दोन तृतीयांशांपर्यंत लोक बऱ्याच अंशी सुधारलेले किंवा पूर्ण सावरलेले आढळले.

१९५२ : एक औषध आणि एक पुस्तक

शुश्रूषेच्या इतिहासात १९५२ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे. त्या वर्षी पॅरिसमध्ये डॉ. डिले आणि डॉ. डेनिकर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. भास आणि भ्रम यांवर परिणामकारक ठरलेले ते पहिले आधुनिक औषध. त्याच वर्षी अमेरिकेत हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेचे पुस्तक प्रसिद्ध झाले. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच शुश्रूषेचे मुख्य साधन आहे, असे तिने मांडले. परिचारिका प्रथम अनोळखी म्हणून येते, मग माहिती देणारी, शिकवणारी, सल्ला देणारी अशा भूमिका घेते आणि शेवटी रुग्ण स्वतःच्या पायांवर उभा राहिला की बाजूला होते.

औषध आणि नाते एकाच वर्षी जगापुढे आले. दुर्दैवाने आपण गोळी उचलली आणि नाते विसरलो. चहात गोळी घालणारे आम्ही नेमके हेच करीत होतो.

१९९० च्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे फिल बार्कर या परिचारकाने आणखी एक पद्धत उभी केली. तिचे नाव 'टायडल मॉडेल', म्हणजे भरती-ओहोटीची पद्धत. गिरगाव चौपाटीवर किंवा दादरच्या किनाऱ्यावर उभे राहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागणार नाही. भरती कायम राहत नाही आणि ओहोटीही. या पद्धतीत परिचारिका रुग्णाची हकिकत त्याच्याच शब्दांत लिहून घेते. 'रुग्ण संशयग्रस्त आहे' असे न लिहिता, त्याला काय वाटते, कशाची भीती वाटते आणि आज त्याला कोणती मदत हवी आहे, हे त्याच्या तोंडून लिहिले जाते.

शुश्रूषेचे पाठ

आता प्रत्यक्ष शुश्रूषा कशी करावी ते पाहू. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थिनींना आणि घरी रुग्ण असलेल्या कुटुंबांना, दोघांनाही हे पाठ लागू आहेत.

(१) जवळ कसे जावे : तीव्र अवस्थेतील माणूस घाबरलेला असतो, हे प्रथम समजून घ्यावे. मागून जाऊ नये, अंगाला एकदम हात लावू नये, त्याची दाराकडची वाट अडवू नये. भोवती गर्दी करू नये. एकानेच, हळू आवाजात, त्याच्या नावाने हाक मारून, छोट्या वाक्यांत बोलावे. त्याच्यासमोर दुसऱ्यांशी कुजबुज मुळीच करू नये.

(२) भासाविषयी काय बोलावे : 'असं काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे म्हटले की तो एकटा पडतो. 'हो हो, मलाही ऐकू येतंय' असे म्हटले की आपण खोटे बोलतो. सिस्टरांनी आम्हाला तिसरी वाट शिकवली. "तुला आवाज येतो हे मी मानतो. मला तो ऐकू येत नाही. पण तुला भीती वाटत असेल, मी इथे बसतो." वाद आवाजाविषयी घालायचा नाही, भीतीची मात्र दखल घ्यायची.

(३) धोक्याची विचारपूस : आवाज काय सांगतात, हे सरळ विचारावे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देतात काय? जीव नकोसा वाटतो काय? असे विचारल्याने मनात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, सुरी-औषधे यांसारख्या वस्तू दूर ठेवाव्यात आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक आहे.

(४) अन्न, पाणी, झोप, अंघोळ : ही शुश्रूषेची पायाभूत कामे होत. विषाचा संशय असेल तर बंद पाकीट त्याच्यासमोर फोडावे, सर्वांनी एकाच भांड्यातून वाढून घ्यावे. अंघोळीसाठी ओरडण्यापेक्षा 'पाणी आत्ता काढू की चहानंतर?' असे विचारावे. लहानसा का होईना, निर्णय त्याच्याकडे राहतो.

(५) औषध : औषध लपवून देऊ नये. ते कशासाठी आहे, हे त्याला सांगावे. तो नाकारत असेल तर का, ते ऐकावे. पुष्कळदा कारण खरे असते. अंग ताठरणे, पाय सारखे हलत राहणे, गुंगी, वजन वाढणे, साखर वाढणे असे त्रास या औषधांनी होऊ शकतात. त्यांची नोंद करून डॉक्टरांना सांगितली तर मात्रा, वेळ किंवा औषध बदलता येते. महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनेही मिळतात. मान किंवा डोळे एका बाजूला खेचले जाणे, अथवा खूप ताप, अंग लाकडासारखे ताठ आणि शुद्ध हरपणे, ही लक्षणे दिसताच तातडीने रुग्णालयात न्यावे. क्लोझापिन घेणाऱ्याने ताप व घसादुखी आल्यास लगेच रक्त तपासून घ्यावे. आणि बरे वाटले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

(६) आवाजांना तोंड देणे : औषध चालू असूनही आवाज येत असतील तर माणूस स्वतःच काही उपाय शोधतो. गुणगुणणे, कानाला रेडिओ लावणे, मोठ्याने वाचणे, फेरी मारून येणे, आवाजाला 'संध्याकाळी बघू' असे सांगणे. नेदरलँड्समधील मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम यांनी १९८० च्या दशकात आवाज ऐकू येणाऱ्या माणसांनाच एकत्र आणून त्यांचे अनुभव एकमेकांना सांगायला लावले. त्यातून जगभर अशा लोकांचे गट उभे राहिले. कोणता उपाय उपयोगी पडतो, हे शुश्रूषा करणाऱ्याने रुग्णाकडून शिकावे.

(७) जमा आणि नावे : सिस्टरांनी आम्हाला एक वही ठेवायला सांगितली होती. पहिल्या भेटीत आम्ही ती मोठ्या अभिमानाने दाखवली. झोपला नाही, जेवला नाही, चिडला, एकटाच हसला. त्या म्हणाल्या, "बँकेत काम करता ना? मग नुसती नावेची बाजू कशी लिहिता? जमा कुठे आहे?" आम्ही खजील झालो. त्या महिन्यात त्याने दोनदा स्वतःहून पाणी भरले होते, शेजारच्या मुलीला बेरजा शिकवल्या होत्या. आम्ही ते पाहिले होते, पण लिहिले नव्हते. पुढच्या महिन्यापासून वहीला दोन रकाने झाले. सहा महिन्यांनी वही आम्ही त्याच्याच हाती दिली.

(८) पूर्वसूचना : आजार उलटण्याआधी प्रत्येकाची काही चिन्हे असतात. आमच्या आतेभावाची तीन चिन्हे आहेत. झोप तुटते, खिडकी लावून घेतो आणि मोबाईल बंद ठेवतो. ही यादी त्याने बरा असताना स्वतः लिहिली. त्याखाली 'असे झाले तर कोणाला कळवावे, मला काय केलेले चालेल, काय चालणार नाही' हेही लिहिले. गेल्या काही वर्षांत दोनदा ही यादी कामी आली आणि दोन्ही वेळा दाखल करावे लागले नाही.

(९) ध्येय त्याचे असावे : आम्हाला वाटे, त्याने बी.कॉम. पूर्ण करावे. सिस्टरांनी त्याला विचारले, "तुम्हाला काय करावंसं वाटतं?" तो म्हणाला, "एकट्याने दादरला जाऊन यायचंय." आमचा जीव टांगणीला. पहिल्यांदा आम्ही बरोबर गेलो, मग बसच्या थांब्यापर्यंत, मग गॅलरीत उभे राहून वाट पाहिली. आज तो दादरला एका झेरॉक्सच्या दुकानात सकाळी अकरा ते चार काम करतो. आवाज अजूनही अधूनमधून येतात. विचारले तर म्हणतो, "येतात दादा. पण गिऱ्हाईक समोर असलं की थांबा म्हणतो त्यांना."

घरचे वातावरण

इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्राऊन यांना १९५० च्या दशकात एक गोष्ट खटकली. रुग्णालयातून सुटून आई-वडिलांकडे किंवा पत्नीकडे गेलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्या रुग्णांपेक्षा अधिक वेळा पुन्हा आजारी पडत. त्यावर पुढे पुष्कळ संशोधन झाले. सतत टीका, तिरस्कार आणि अतिकाळजी या तीन गोष्टी घरात जास्त असतील तर आजार उलटण्याची शक्यता वाढते, असे आढळले. अतिकाळजीही त्यात आहे, हे विसरू नये. आपल्याकडे चंदीगड येथे झालेल्या आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतीय कुटुंबांत हे प्रमाण लंडनच्या कुटुंबांपेक्षा कमी आढळले. म्हणजे आपले कुटुंब ही आपली ताकद आहे, फक्त ती वापरता आली पाहिजे.

दहा बाय बाराच्या खोलीत एकांत कुठून आणायचा, असे कोणी विचारील. आम्ही एवढेच केले. दुपारी दोन तास आत्या आमच्या खोलीत येई आणि तो एकटा राही. चाळीतल्या चार घरांना आम्ही आजाराचे नाव सांगितले, 'वेडा' हा शब्द वापरू नका अशी विनंती केली. एका शब्दाने माणसाला दूर कसे ठेवले जाते, हे आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. तोच शब्द आपण दुसऱ्याला लावू नये.

शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा झाली पाहिजे. बहुतेक घरांत हा भार एका बाईवर पडतो. तिला आठवड्यातून एक दिवस तरी सुटी मिळावी, यासाठी भाऊ-भाच्यांनी, मंडळातील तरुणांनी पाळी लावावी.

आपल्याकडील प्रयत्न

कुटुंबाला शुश्रूषेत सामील करून घेण्याचे काम आपल्या देशात फार पूर्वी झाले. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहू दिले. वेल्लोरलाही १९५७ च्या सुमारास अशी व्यवस्था सुरू झाली. मुंबईत १९२६ मध्ये सुरू झालेल्या परळच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया यांच्यासारख्यांनी मानसोपचार विभाग नावारूपाला आणला. १९०१ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय पूर्वी भिंतीपलीकडचे जग होते. सर्वसाधारण रुग्णालयात, हाडांच्या आणि डोळ्यांच्या रुग्णांबरोबर एकाच रांगेत केसपेपर काढता येऊ लागला, हा मोठा बदल होय.

ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था सुरू केली. कॅनडात कॅलगरी येथे प्राध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी हा आजार स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' उभी राहिली. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ चा चित्रपट याच विषयावर आहे. अतुल कुलकर्णी यांनी त्यात रुग्णाची भूमिका केली आहे. सभासदांनी तो कुटुंबासह पाहावा. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांनी १९८८ पासून रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून उपचार करून घरी पोहोचवण्याचे काम केले. त्यांच्या संस्थेचे केंद्र कर्जतला आहे. २०१८ मध्ये डॉ. वाटवानी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉक्टर आणि परिचारिका कमी आहेत, मग हे सर्व कोण करणार? गोवा, सातारा आणि तामिळनाडू येथे २८२ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठवले होते. नुसत्या दवाखान्यातील उपचारांपेक्षा अशी जोड दिलेल्या रुग्णांत लक्षणे आणि परावलंबित्व थोडे अधिक कमी झाले. फरक मोठा नव्हता, पण होता. आणि तो करून दाखवणारे आपल्यासारखेच लोक होते.

कायद्याने दिलेले हक्क

१९१२ च्या कायद्याच्या नावातच 'लुनसी' म्हणजे वेड हा शब्द होता. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा त्याच्या जागी आला आणि त्यानंतर २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. या कायद्याने रुग्णाला उपचारांचा, समाजात राहण्याचा आणि माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिला. आजारी पडलो तर कसे उपचार व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधी लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. साखळीने बांधण्यास बंदी आहे. ही बंदी का हवी, हे तामिळनाडूतील एरवाडीने दाखवले. ६ ऑगस्ट २००१ रोजी तेथे आग लागली आणि साखळीने बांधलेले २५ हून अधिक मनोरुग्ण पळता न आल्याने मृत्युमुखी पडले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवावा, अशी आमची सूचना आहे.

तथागतांची शुश्रूषा

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडलेला भगवंतांना दिसला. तो कोणाच्या उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि बिछान्यावर निजवले. रुग्णाची सेवा हीच आपली सेवा, असे त्यांनी संघाला सांगितले. पुढे चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, घाणीची किळस नसावी आणि रुग्णाचे मन प्रसन्न होईल असे बोलता यावे. पेप्लाऊबाईंनी नात्याविषयी जे सांगितले, ते या पाचव्या गुणात आहे.

पटाचारेची कथा तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. पती, दोन मुले, आई-वडील, भाऊ, सर्व गमावून भान हरपलेली ती स्त्री विवस्त्र फिरत होती. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, बहीण म्हणून संबोधले. कोणी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. पुढे तीच पटाचारा विनयात अग्रगण्य थेरी झाली आणि शोकाने व्याकूळ झालेल्या इतर स्त्रियांना तिने सावरले. आधी जवळ येऊ देणे, मग माणूस म्हणून हाक मारणे, मग अंगावर वस्त्र. शुश्रूषेचा क्रम हाच आहे.

समारोप

सारांश असा की, रुग्णाला सुरक्षित ठेवणे आवश्यक आहेच, पण तेवढ्याने शुश्रूषा पुरी होत नाही. आजाराने त्याच्याकडून हिरावून घेतलेले छोटे छोटे निर्णय एकेक करून त्याच्या हाती परत देणे, आणि ते देताना त्याच्याशी खोटे न बोलणे, म्हणजे शुश्रूषा. आमच्या हातून झालेली चूक आम्ही येथे लिहिली, ती कोणा दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून.

आत्या आज पंचाहत्तरीला आली आहे. गेल्या वर्षी ती तापाने आजारी पडली, तेव्हा आतेभावाने रजा घेऊन तिची सेवा केली. तिच्या गोळ्या त्याने स्वतः आणल्या, पाकीट तिच्यासमोर फोडले आणि कोणती गोळी कशासाठी, ते तिला सांगितले. मग चहा दिला.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. 'बरे होणे' आणि 'सावरणे' यांतील फरक स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. आवाज ऐकू येतात असे सांगणाऱ्या मित्राशी तुम्ही काय बोलाल? दोन-तीन वाक्ये लिहा.
३. औषध लपवून देण्याने कोणते नुकसान होते?
४. टीका आणि अतिकाळजी, दोन्ही रुग्णाला अपायकारक का ठरतात?
५. आपल्या वस्तीतील अशा एखाद्या कुटुंबाला मंडळ कोणती मदत करू शकेल? चर्चा करा.